जुनी गाडी घेण्याआधी: कागदांपासून रॅम्पपर्यंत तपासणी कशी करायची

वापरलेल्या गाडीतले दोष दोन जातींचे असतात. टायर, बॅटरी, क्लच, शॉकअप, एसीचा गॅस हे पैसे टाकले की सुटतात. अपघातात वाकलेला सांगाडा, पुराच्या पाण्यात गेलेली वायरिंग आणि अडकलेले कागद मात्र पैसे टाकूनही धड सुटत नाहीत. बहुतेक गिऱ्हाइकं याच्या बरोबर उलट वागतात. दारावरच्या ओरखड्यावरून अर्धा तास घासाघीस करतात आणि डिकीतली चटई उचलूनही बघत नाहीत. खालचा क्रम मुद्दाम असा लावला आहे, की गाडी नाकारायची असेल तर ती लवकरात लवकर आणि कमीत कमी खर्चात नाकारता यावी.

डोळ्यासमोर धरली आहे ती सात-आठ वर्षांची, मॅन्युअल गिअरची, पेट्रोल किंवा डिझेल गाडी. डिझेलचं नाव मुद्दाम घेतो, कारण १ एप्रिल २०२० ला बीएस-६, म्हणजे धुराच्या प्रदूषणाचा कडक नियम, लागू झाला तेव्हा मारुतीने डिझेल गाड्या बंदच केल्या. डिझेल स्विफ्ट, डिझायर किंवा ब्रेझा हवी असेल तर ती आता वापरलेलीच मिळते, आणि त्यातली बरीचशी भरपूर पळालेली असते.

घरबसल्या करायची कामं

विकणाऱ्याकडून तीन गोष्टी व्हॉट्सॲपवर मागवा: आरसीच्या दोन्ही बाजू, चालू विम्याची पॉलिसी आणि सुरू गाडीच्या मीटरचा फोटो. द्यायला टाळाटाळ झाली तर पेट्रोल जाळून तिथवर जाऊ नका.

गाडीचा नंबर एम-परिवहन ॲपमध्ये टाका. नोंदणीची तारीख, इंधन, विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा तिथे दिसतो. आरसीवर मालकाचा क्रमांकही असतो, म्हणजे ‘फर्स्ट ओनर’ म्हणून जाहिरात केलेली गाडी प्रत्यक्षात तिसऱ्या हातातली असेल तर तिथेच कळतं. गाडी बनल्याचा महिना आणि नोंदणीचा महिना यांतलं अंतरही बघा. डिसेंबरमध्ये बनलेली गाडी पुढच्या वर्षी पासिंग झाली, तर विकणारा पुढचं वर्ष सांगतो. तुम्ही भाव मागचं वर्ष धरून करा.

आरसीवर बँकेचं किंवा फायनान्स कंपनीचं नाव असेल तर ‘कर्ज कधीच फिटलंय’ या तोंडी वाक्याला किंमत नाही. बँकेची एनओसी आणि सहीशिक्क्याचा फॉर्म ३५, म्हणजे बोजा उतरवायचा अर्ज, हातात हवा. कर्ज खरोखर फिटलेलं असतं, पण बोजा उतरवायचा कंटाळा केलेला असतो, असं सर्रास होतं. उतरवण्याचं काम विकणाऱ्याने करावं, पैसे त्यानंतर.

महाराष्ट्र वाहतूक पोलिसांच्या ई-चलन संकेतस्थळावर गाडीचा नंबर आणि चेसिस किंवा इंजिन नंबरचे शेवटचे चार आकडे टाकले की थकलेला दंड दिसतो. कधी पाचशे रुपये निघतात, कधी एक्स्प्रेस-वेवरच्या वेगाचा हजारोंचा हिशोब निघतो.

विम्याच्या पॉलिसीत लोक फक्त मुदत बघतात. खरी बातमी नो-क्लेम बोनसच्या रकान्यात असते. क्लेम न घेता एक वर्ष गेलं की हा बोनस २० टक्के होतो, पुढे २५, ३५, ४५ आणि शेवटी ५० टक्के. क्लेम घेतला की शून्य. सहा वर्षं एकाच मालकाकडे असलेल्या गाडीच्या पॉलिसीत शून्य किंवा २० टक्के दिसत असेल, तर गेल्या वर्ष-दोन वर्षांत काहीतरी घडलेलं असण्याची दाट शक्यता आहे. मुदत संपून ९० दिवसांहून जास्त काळ विमा बंद राहिला तरी बोनस जातो, त्यामुळे लगेच आरोप करू नका. सरळ विचारा, ‘क्लेम कशाचा होता?’ उत्तरापेक्षा ते द्यायला लागलेला वेळ जास्त सांगून जातो.

परराज्यातली गाडी असेल तर सावध राहा. दिल्ली परिसरात १० वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवर निर्बंध आले, तेव्हापासून तिकडच्या मोठ्या डिझेल गाड्या इकडे स्वस्तात येतात. अशा गाडीला मूळ आरटीओची एनओसी, म्हणजे फॉर्म २८, लागतो, इकडचा रोड टॅक्स नव्याने भरावा लागतो आणि मग एमएच नंबर मिळतो. ‘पासिंग आम्ही करून देतो’ असं डीलर म्हणत असेल तर उत्तम, पण मोठी रक्कम पासिंग झाल्यावर द्यायची.

कधी जायचं, काय न्यायचं

सकाळी जा, उन्हात जा. पाऊस पडत असेल किंवा गाडी नुकतीच धुतलेली असेल तर रंगातला फरक दिसत नाही. पार्किंगच्या ट्यूबलाइटखाली गाडी पसंत करू नये. आदल्या दिवशी विकणाऱ्याला सांगून ठेवा, की मी येईपर्यंत गाडी सुरू करू नका. पोचल्यावर सगळ्यात आधी बॉनेटवर हात ठेवा. गरम लागलं तर कारण विचारा, कारण बऱ्याच खोडी फक्त थंड इंजिनात दिसतात.

सोबत टॉर्च, जुनं फडकं, फ्रिजवरचं पातळ चुंबक आणि जमल्यास ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदलेले दोष मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र) ठेवा. आणखी एक माणूस न्या, ज्याला ही गाडी आवडलेली नाही असा.

सांगाडा: इथे वेळ घालवा

पहिली फेरी गाडीपासून आठ-दहा फुटांवरून मारा. पुढच्या कोपऱ्यात उकिडवे बसून दारांच्या रेषेवर नजर टाका. प्रकाशाची पट्टी एखाद्या दारावर लहरली, तर तिथे पत्रा ठोकलेला आहे. बॉनेट आणि फेंडरमधली फट दोन्ही बाजूंना सारखी हवी. एक हेडलाइट पिवळट आणि दुसरा काचेसारखा स्वच्छ असेल, तर स्वच्छ बाजूला काहीतरी लागलेलं आहे.

चुंबक फडक्यात गुंडाळून पत्र्यावरून फिरवा. जिथे पकड अचानक ढिली पडते तिथे रंगाखाली पुट्टी असते. बंपर प्लास्टिकचे असतात, त्यांवर हा प्रयोग व्यर्थ. कुणाकडे रंगाची जाडी मोजायचं यंत्र असेल तर कंपनीचा रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास भरतो. एखादा भाग एकदम ३०० च्या वर गेला तर तो पुन्हा रंगवलेला आहे.

आता एक महत्त्वाची गोष्ट. पुन्हा रंगवलेलं दार म्हणजे वाईट गाडी नव्हे. पुण्यात किंवा ठाण्यात सात वर्षं चाललेल्या गाडीला एखादी रिक्षा घासून गेलेली असणारच. बंपर, फेंडर, दार हे सुटे भाग आहेत. ज्यांच्याकडे बघायचं ते भाग वेगळे: पुढचे एप्रन (बॉनेट उघडल्यावर दोन्ही बाजूंना शॉकअपच्या भोवती दिसणारा पत्रा), छप्पर धरणारे तिन्ही खांब, छप्पर आणि डिकीची जमीन.

बॉनेट उघडा. फेंडर आणि बॉनेटच्या बिजागरीचे बोल्ट बघा. कंपनीत रंग बोल्टसकट होतो, त्यामुळे पान्याने उडालेला रंग म्हणजे तो भाग कधीतरी उघडलाय. एप्रनवर कंपनीचे स्पॉट वेल्ड सारख्या अंतरावर, छोट्या गोल खळग्यांसारखे दिसतात. तिथे सुरकुती, ग्राइंडर फिरवल्याच्या खुणा किंवा ओबडधोबड वेल्डिंग दिसलं, तर धडक आतपर्यंत पोचली होती. रेडिएटरसमोरचा सपोर्ट बदललेला असणं तितकं भयंकर नाही, तो छोट्या ठोकरीतही वाकतो. एप्रन वाकलेला असेल तर मी तरी तिथून परत फिरेन, भाव कितीही उतरवला तरी.

मग प्रत्येक दाराची रबरी बीडिंग ओढून खालचा पत्रा बघा. बीडिंग हाताने निघते आणि हाताने बसते, विकणाऱ्याने हरकत घ्यायचं कारण नाही. तिथेही तेच गोल वेल्ड दिसले पाहिजेत. दाराच्या कडेवरचं सीलंट नखाने दाबा. कंपनीचं कडक आणि एकसारखं असतं, नंतर भरलेलं बऱ्याचदा मऊ आणि हाताने ओढलेलं कळतं. बी पिलर, म्हणजे पुढच्या आणि मागच्या दारामधला खांब, कापून जोडलेला असेल तर विषय संपला.

काचांच्या कोपऱ्यात कंपनीचं नाव आणि सालाची खूण असते. पुढची काच दगडाने फुटून बदलली जाते, त्यात विशेष काही नाही. बाजूच्या दोन काचा वेगळ्या बनावटीच्या निघाल्या तर त्याच बाजूचे खांब पुन्हा बघा.

शेवटी डिकी रिकामी करा, चटई उचला, स्टेपनी बाहेर काढा. स्टेपनीच्या खड्ड्यातला पत्रा गुळगुळीत आणि गोलाई शाबूत हवी. मागून ठोकलेल्या गाडीचा इतिहास इथे राहतो, कारण वरून रंग मारणारा माणूस एवढ्या खाली सहसा जात नाही.

पाणी

मुंबईत २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलीमीटर पाऊस झाला, ऑगस्ट २०१९ मध्ये सांगली-कोल्हापूर बुडालं, जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाड. अशा वेळी हजारो गाड्या पाण्यात जातात. दुरुस्तीचा खर्च विम्याच्या रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या, ७५ टक्क्यांवर गेला की कंपनी गाडी टोटल लॉस धरते. पण ती गाडी भंगारातच जाते असं नाही. सॅल्व्हेज, म्हणजे मोडीतला माल, म्हणून विकली जाते, कुणीतरी ती धुऊन-पुसून उभी करतं आणि ती दुसऱ्या जिल्ह्यात विकायला येते. सुरुवातीला छान चालते. मग कनेक्टर आतून गंजतात आणि एकेक गोष्ट विनाकारण बंद पडू लागते. चांगल्या इलेक्ट्रिशियनलाही त्याचा छडा लावणं अवघड जातं.

ओळखायचं कसं? काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा. कुबट वास आला किंवा परफ्यूमचा भपकारा आला, दोन्ही वाईट. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढा; गुंडाळलेल्या आतल्या भागावर गढूळ पट्टा किंवा बुरशी राहते. नवे कोरे सीटबेल्ट जुन्या गाडीत दिसले तरी शंका घ्या. बेल्टच्या बुडाशी लेबलवर तारीख असते, ती गाडीच्या सालाशी जुळवा. सीट मागे सरकवून खालचे रुळ आणि बोल्ट टॉर्चने बघा, डॅशबोर्डच्या खाली डोकं घालून तिथले स्क्रू आणि फ्यूज बॉक्स बघा. दाराजवळची पट्टी सैल करून कार्पेटखाली हात घाला.

कोकण, गोवा किंवा मुंबईच्या किनाऱ्यालगतची गाडी असेल तर खालच्या पत्र्यावर आणि सायलेन्सरवर गंज असणारच, तो खाऱ्या हवेचा. तो गाडीच्या खाली असतो. आतल्या, छताखालच्या लोखंडावर गंज असेल तर तो हवेचा नव्हे. या एका फरकावर निर्णय घेता येतो.

मीटर खरा आहे का

डिजिटल मीटर मागे फिरवणं आज अवघड राहिलेलं नाही, म्हणून आकडा वाचायचा आणि बाकी गाडीला विचारायचं. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. समजा गाडी २०१८ ची, मीटर ३० हजार, आणि चारही टायर २०२२ चे. पहिले टायर ३० हजारांच्याही आत संपले? शहरात घरगुती वापराची गाडी वर्षाला साधारण दहा-बारा हजार किलोमीटर जाते. त्यापेक्षा फार कमी आकडा असेल तर पुरावा मागा.

क्लचच्या पॅडलचं रबर, स्टेअरिंगची ‘दहा-दोन’ची जागा, गिअरचा दांडा आणि ड्रायव्हरच्या सीटची दाराकडची कड बघा. ४० हजारांत ही कड बसत नाही, गुळगुळीत झालेलं रबरही सहसा दिसत नाही. नवीन सीट कव्हर आणि स्टेअरिंग कव्हर घातलेलं असेल तर ते काढायला सांगा.

सगळ्यात भक्कम पुरावा म्हणजे अधिकृत सर्व्हिस सेंटरची नोंद. प्रत्येक सर्व्हिसला किलोमीटर लिहिलेले असतात. मालकाला सोबत घेऊन जा किंवा त्याच्या ॲपवर सर्व्हिसचा इतिहास उघडायला सांगा. आकडा एकदा ८२ हजार आणि पुढच्या वर्षी ४५ हजार झालेला दिसला तर आणखी बोलायची गरज उरत नाही. नोंद अर्ध्यात थांबलेली असेल तर पुढे गाडी बाहेरच्या गॅरेजला जात होती. चूक नाही, पण मग त्या गॅरेजची बिलं मागा.

इंजिन

सुरू करण्याआधी डिपस्टिक काढा. डिझेलचं ऑइल काळंच असतं, त्यावरून काही ठरवू नका, पातळी बघा. कूलंटच्या डब्यात रंगीत, स्वच्छ पाणी हवं. नळाचं गंजलेलं पाणी निघालं तर देखभाल कशी झाली ते कळलं, आणि वर तेलाचा तवंग असेल तर हेड गॅस्केटची, म्हणजे इंजिनात तेल आणि पाणी वेगळं ठेवणाऱ्या पट्टीची, शंका. ऑइलच्या झाकणाच्या आत दुधाळ फेस असेल तरी तीच शंका, फक्त पावसाळ्यात रोज दोन किलोमीटर चालणाऱ्या गाडीतही थोडा फेस जमतो.

चावी ऑन करा, पण इंजिन सुरू करू नका. चेक इंजिन, एअरबॅग आणि एबीएस हे दिवे पेटले पाहिजेत आणि नंतर विझले पाहिजेत. एअरबॅगचा दिवा पेटतच नसेल तर तो मुद्दाम बंद केलेला असू शकतो, म्हणजे एअरबॅग उघडून गेली आणि परत बसवलीच नाही.

आता गाडी सुरू करा आणि सोबतच्याला मागे उभं करा. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. काळा म्हणजे इंधन पूर्ण जळत नाही. थंडीत सुरुवातीला पांढरी वाफ येते, ती जाते. गरम झाल्यावरही पांढरा धूर चालू राहिला तर कूलंट आत जातंय. इंजिन चालू असताना ऑइलचं झाकण सैल करून बघा. जोराचे फटके येत असतील तर मेकॅनिक ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात ते हेच, आणि डिझेल गाडीत हा मोठा खर्च आहे.

बीएस-६ डिझेल असेल तर आणखी एक प्रश्न: गाडी हायवेवर जाते का? फक्त शहरात छोट्या फेऱ्या मारलेल्या गाडीचं डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, चोंदतं.

ओबीडी स्कॅनर जोडला तर दोष-कोड दिसतात. विकणाऱ्याने सकाळीच ते पुसले असतील तर? बऱ्याच गाड्यांत ‘कोड पुसल्यापासून चाललेले किलोमीटर’ हा आकडाही वाचता येतो. तो तीन किलोमीटर निघाला तर तुम्हाला हवं ते उत्तर मिळालं.

सीएनजी किट असेल तर ते आरसीवर नोंदलेलं हवं आणि सिलिंडरची दर तीन वर्षांनी होणारी हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) मुदतीत हवी. यातलं एकही नसेल तर किटची किंमत शून्य धरा.

चालवून बघा, गाणी बंद ठेवून

सोसायटीभोवती एक चक्कर म्हणजे टेस्ट ड्राइव्ह नव्हे. अर्धा तास तरी हवा, आणि त्यात खराब रस्ता, चढ आणि मोकळा रस्ता तिन्ही हवेत.

मोकळ्या मैदानात स्टेअरिंग पूर्ण वळवून हळू गोल फिरवा. कट-कट आवाज आला तर सीव्ही जॉइंट, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याचा सांधा, गेलाय. खड्ड्यांतून तीस-चाळीसच्या वेगाने न्या. ठक-ठक आवाज म्हणजे लिंक रॉड, बुश किंवा लोअर आर्म; हे सस्पेन्शनचे बदलता येणारे भाग, यांतलं काहीच घाबरण्यासारखं नाही. सरळ रस्त्यावर पकड किंचित सैल करा. गाडी एका बाजूला ओढत असेल तर अलाइनमेंट असू शकतं, पण टायरही आतल्या कडेने झिजले असतील तर सांगाड्याची शंका पुन्हा जागी करा.

क्लचसाठी हँडब्रेक ओढून तिसरा गिअर टाका आणि क्लच सोडा. इंजिन लगेच बंद पडायला हवं. घरघरत राहिलं तर प्लेट संपत आली आहे. एकदाच करा, पुन्हा पुन्हा नको. खरी परीक्षा घाटात होते: कात्रज किंवा खंबाटकीच्या चढावर तिसऱ्या गिअरमध्ये रेस दिल्यावर इंजिनचा आवाज वाढतो आणि वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय. चढावर रिव्हर्सही घेऊन बघा.

एसी दुपारच्या उन्हात, गाडी उभी ठेवून तपासा. पळत्या गाडीत सगळे एसी थंड करतात. परत आल्यावर इंजिन बंद करा, पाच मिनिटांनी पुन्हा सुरू करा आणि खाली वाकून बघा. एसीचं पाणी ठिबकणार; तेल ठिबकता कामा नये.

तुमचा मेकॅनिक, तुमचा रॅम्प

इतकं सगळं जमलं तरच मेकॅनिकवर पैसे घाला. विकणाऱ्याच्या ओळखीचं गॅरेज नको. गाडी रॅम्पवर चढवून खालचे सरळ लोखंडी दांडे, ऑइल सील, सायलेन्सर आणि बुश बघायला अर्धा तास लागतो. चेसिस नंबर आरसीशी अक्षर-अक्षर जुळवा. सतरा अक्षरांचा हा नंबर घासलेला किंवा आकडे वाकडेतिकडे वाटले, तर गाडी किती आवडली आहे हे तिथेच विसरून जा. विकणारा रॅम्पला नाही म्हणत असेल तर तो तुमचे पैसे वाचवतोय.

भाव, सही आणि ताबा

सुधारता येणाऱ्या दोषांची यादी आता कामाला येते. ‘गाडी जरा जुनी वाटते, कमी करा’ म्हटलं की हजार-दोन हजार सुटतात. ‘टायर २०१८ चे आहेत, चारही बदलावे लागतील, क्लच घसरतोय’ असं खर्चासकट मांडलं की समोरचा वेगळं बोलतो. छोट्या गाडीचे चार टायर वीस हजारांच्या आसपास जातात. क्लचचं कोटेशन त्याच दिवशी मेकॅनिककडून घ्या.

टोकन द्यायचं तर थोडं द्या, बँकेतून द्या, आणि कुठल्या अटीवर परत मिळेल ते मेसेजवर लिहून घ्या. फॉर्म २९ आणि ३०, म्हणजे मालकी बदलायचे (टीटी) फॉर्म, यांवर तुमचं नाव आणि तारीख भरलेली असावी. नाव रिकामं ठेवलेले टीटी फॉर्म घेऊन फिरणारी गाडी बहुधा एजंटच्या हातातली असते, आणि तुम्हाला जो मालक म्हणून भेटला तो मालक नसतो. आरसीवरच्या माणसाशी फोनवर तरी बोला.

१ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला एचएसआरपी (हाय सिक्युरिटी) नंबरप्लेट लावलेली आहे का तेही बघा. महाराष्ट्रात ती आता बंधनकारक आहे. ट्रान्सफरचा अर्ज ३० दिवसांत करायचा असतो. विमा १४ दिवसांत स्वतःच्या नावावर करायला द्या, कारण मधल्या काळात तुमच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम अडकू शकतो. जुन्या मालकाचा नो-क्लेम बोनस त्याच्याकडेच राहतो, म्हणून विमा कंपनी फरकाची रक्कम मागेल. ती आधीच हिशोबात धरा.

ताबा घेताना तारीख आणि वेळ, मीटरचा आकडा असलेली डिलिव्हरी नोट दोघांच्या सह्यांनी करा. त्या वेळेआधीचं चलन त्याचं, नंतरचं तुमचं. दुसरी चावी, जॅक-पाना, सर्व्हिस बुक मागून घ्या, आणि जुन्या मालकाला त्याचा फास्टॅग तुमच्यासमोर बंद करायला लावा. नाहीतर पुढच्या टोलनाक्यावर पैसे त्याच्या खात्यातून जातात आणि तो ऐन वेळी टॅग बंद करून तुम्हाला जादा टोलच्या रांगेत उभं करतो.